फोटोखाली सही करणारं कुणीतरी हवं

इस्लापूर, तालुका किनवट

चि. सोनू,


ताईचा फोन आला होता. पदवी हातात पडून वर्ष होत आलं, हैदराबादेत मुलाखती झाल्या आणि एका ठिकाणी साहेबांनी तुझी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, ‘आमच्या ऑफिसातला मुलगा मोबाइलवर झकास फोटो काढतो, मग तुम्हाला पगार कशाचा द्यायचा?’ तू काही न बोलता उठून आलीस. दाजी म्हणतात, पोलीस भरतीचा अर्ज भर, नाहीतर बी.एड. कर. ताई स्वतः काही म्हणत नाही, म्हणजे तिच्याही मनात तेच असणार. तू मात्र माझ्यासाठी निरोप ठेवलास : मामा, तू सगळं आयुष्य यात घातलंस, खरं सांग, यात पोट भरतं का?

भरतं. पण मी भरलं त्या वाटेनं आता भरणार नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसलो. तुझ्यासारखी पोरंपोरी आता गावोगाव आहेत, तेव्हा हे पत्र लपवून ठेवू नकोस, त्यांनाही दे.

त्या साहेबांवर रागावू नको. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याजवळ तयार असायला हवं. कॉलेजात तुम्हाला प्रकाश शिकवला, लेन्स शिकवली, चौकट शिकवली. या कामाचे पैसे लोक नेमके कशासाठी मोजतात हे कुणी शिकवलं नसेल, कारण गेल्या वीस वर्षांत ते मुळापासून बदललं.

मी स्टुडिओ टाकला तेव्हा गिऱ्हाईक पैसे द्यायचं ते बरंचसं माझ्या सामानाचे. कॅमेरा महाग, रोल महाग, छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचं आणि रोल धुवायची विद्या गावात दुसऱ्या कुणाला नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ छापाचा कृष्णधवल माल असायचा. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर चेहरा हळूहळू उमटायचा तेव्हा शाळेतले मास्तरसुद्धा दारात उभे राहून बघायचे. पुढे उटीचा तो कारखाना बंद पडला. कोडॅकचं तर तुला ठाऊकच आहे. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं तयार केला, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण डिजिटल कॅमेरा जिंकला म्हणावं तर तोही टिकला नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्या खाली होती. बाकी सगळं फोननं खाल्लं.

आमच्यासारख्या खेड्यातल्या स्टुडिओचा कणा म्हणजे पासपोर्ट फोटो. परीक्षेचा फॉर्म, बँकेचं खातं, रेशन कार्ड, सगळ्याला लागायचा. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या नोंदणीत फोटो टेबलावरच्या वेबकॅमनं घेतला जात होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज इस्लापुरात बघ. शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभा राहून कापसाचा फोटो स्वतः टाकतो, रोजगार हमीवरच्या मजुरांची हजेरी मोबाइलवरच्या फोटोनं लागते, घरकुलाचा हप्ता सुटायला पायाचा, भिंतीचा, छताचा फोटो लागतो. इतके फोटो या गावात पूर्वी कधीच निघाले नव्हते. आणि त्यातल्या एकासाठीही कुणी माझ्याकडे येत नाही.

हे आपल्या कोपऱ्यातच झालं असं नाही. अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या दैनिकानं ३० मे २०१३ रोजी आपला छायाचित्रकारांचा सगळा विभाग, २८ माणसं, एका दिवसात घरी पाठवला. त्यात जॉन व्हाइट होते, ज्यांना १९८२ साली पुलित्झर मिळालं होतं. मग वार्ताहरांना आयफोनवर फोटो काढायचं प्रशिक्षण दिलं गेलं. कॅटलॉगच्या कामाचंही तसंच चाललंय. साडी नेसवून मॉडेल उभी करायची आणि दिवसभर फोटो काढायचे, या कामावर शहरात पुष्कळ पोरं जगत होती. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मॉडेलही बनवते आणि पार्श्वभूमीही. नुसत्या वस्तूच्या सुंदर फोटोवर आयुष्य उभं करायचं तुझ्या मनात असेल तर मी तुला अडवीन.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघ. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं आपल्या चित्राचं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं की हे चित्र मी यंत्राकडून तयार करून घेतलंय, अशी चित्रं आली तर स्पर्धांची तयारी आहे का ते बघायचं होतं. परीक्षकांची नजर म्हणजे आयुष्यभर फोटो बघितलेली नजर. त्यांनाही नुसत्या चित्रावरून खरं-खोटं ठरवता आलं नाही, तर तहसीलदाराला, न्यायाधीशाला, पेपरच्या संपादकाला, नवरीच्या बापाला कसं ठरवता येणार? त्यांना चित्रामागचा माणूस लागणार. त्याच वर्षी ऑक्टोबरात लायका कंपनीनं एम११-पी हा कॅमेरा आणला. तो फोटो काढतानाच त्यात कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला, याची नोंद अशी घालतो की कुणी छेडछाड केली तर कळून येतं. फोटोला जन्मदाखला जोडल्यासारखंच ते. पण दाखल्यावरही कुणाची तरी सही लागतेच ना?

सोनू, मला तुला सांगायचं ते एवढंच आहे. बटण दाबायचे पैसे संपले. फोटोची जबाबदारी घ्यायचे पैसे उरलेत आणि ते वाढत जाणार आहेत. ‘मी तिथं होते, हे असंच घडलं, यात मी काही घातलं नाही नि काढलं नाही, मूळ फाइल माझ्याकडे जपून आहे, उद्या कुणी विचारलं तर मी उत्तर देईन’ असं म्हणू शकणारी शिकलेली माणसं या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

दाजींना पोलीस खात्याचं नाव आवडतं ना, मग त्यांना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांचं सांग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रण करायचं आहे. कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा, आणि त्याचंही चित्रण करायचं. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं : एक भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे काय ते तू मला शिकवशील. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो, एवढंच मला कळलंय आणि माझ्या कामाला तेवढं पुरतं. नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या बऱ्याच जागांना विज्ञानाची पदवी मागतात, तुझी फाइन आर्ट्सची आहे. तेव्हा डोळे झाकून त्यामागे धावू नको. पण न्यायवैद्यक छायाचित्रणाची पदविका जोडता येते का याची चौकशी कर. मोजपट्टी ठेवून जखमेचा, टायरच्या खुणेचा, कागदावरच्या खाडाखोडीचा फोटो काढणं ही वेगळी शिस्त आहे. तुझा हात स्थिर आहे नि तू चिडत नाहीस, म्हणून मला हे तुझ्यासाठी सुचतंय.

सरकारी जागा आणखीही आहेत : माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात छायाचित्रकार असतात, त्यांचं आपल्याकडचं विभागीय कार्यालय लातूरला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात असतात. पण जाहिराती क्वचित निघतात. अर्ज कर, वाट बघत बसू नको.

आता लग्न. तू नाक मुरडशील. तुमच्या वर्गात लग्नाच्या ऑर्डरीला कमी समजतात हे मला माहीत आहे. समजू नका. मंडपातल्या शंभर मोबाइलांपैकी एकही मोबाइल अक्षता पडायच्या क्षणी कुठं उभं राहायचं याची जबाबदारी घेत नाही. पाहुण्याचा फोटो हलला तर कुणी काही म्हणत नाही, तुझा हलला तर तो क्षण पुन्हा येत नाही. त्या एका धास्तीचे पैसे लोक आजही देतात, आणि ऋण काढून देतात, म्हणून त्यांच्याशी नीट वागायचं. दोन कार्डांवर एकाच वेळी फाइल उतरली पाहिजे. घरी आल्यावर जेवायच्या आधी दोन डिस्कवर कॉपी झाली पाहिजे. अल्बम कधी देणार त्याची तारीख लिहून द्यायची नि पाळायची. आपल्या धंद्याची अब्रू जर कशानं गेली असेल तर ती लगीनसराईत तारखा घेत सुटून वर्षवर्षभर अल्बम अडकवून ठेवण्यानं.

आणि तू बाईमाणूस आहेस याचा इथं फार उपयोग आहे. हैदराबादेत राहिलीस म्हणून राजा दीनदयाळ यांचं नाव ऐकलं असशील. ते सहाव्या निजामाचे छायाचित्रकार, सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तिथं पुरुषाला मज्जाव आणि कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई. पडद्यातल्या बायका एरवी कुणासमोर बसल्या नसत्या. त्या स्टुडिओत विकला जात होता तो विश्वास. आज आपल्या तांड्यांवर, वाड्यांवर हळदीच्या आदल्या रात्री नवरीच्या खोलीत कुणाला जाऊ देतात? मला नाही. तुला देतील. आणि घरच्या बायका आपले फोटो भलत्या फोनवर फिरणार नाहीत याची हमी मागतील, ती तू देऊ शकशील.

एक कायदा मात्र पाठ कर, कारण तो न कळल्यानं माझ्या पिढीनं बरंच गमावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरतो. नोकरीत असताना काढलास तर साधारणपणे मालक कंपनी. स्वतःच्या मनानं, स्वतःच्या खर्चानं काढलेला फोटो तुझा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क तुझ्या हयातीभर आणि पुढे ६० वर्षं टिकतो. म्हणून कागद करायचा. एक पान पुरे, मराठीत : किती तास, किती फोटो, मूळ फाइल किती वर्षं ठेवणार, फेसबुकवर टाकायची परवानगी आहे की नाही, मालकी कुणाची. लोक पहिल्यांदा बिचकतील. समजावून सांगितलं की त्यांनाच बरं वाटतं.

पोटाची सोय झाली की माणसाला स्वतःचं काम लागतं. ते करायला मुंबईलाच जावं लागतं असं तुला वाटतं. कणकवलीचे इंद्रजीत खांबे कुठल्या छायाचित्रण महाविद्यालयात गेले नाहीत. आपल्याच मुलखातले दशावतारी कलावंत, आपल्याच आसपासची माणसं त्यांनी काढली, पुष्कळदा फोनवर, आणि कोल्हापूरच्या तालमींतल्या मल्लांचे फोटो काढायचं काम ॲपलनं त्यांना दिलं. ज्या फोननं माझा धंदा नेला त्याच फोनच्या कंपनीला माणूस हवा होता, आणि तो सिंधुदुर्गात राहून सापडला. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईत पेपरात नोकरी करत असताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. गटारात उतरणाऱ्या माणसांसमोर ते पुन्हा पुन्हा गेले, म्हणून त्या चित्रांतली माणसं आपल्याकडे सरळ बघतात. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. दोघांत एक गोष्ट सारखी आहे : ते एका जागेशी, माणसांच्या एका जथ्याशी बांधलेले राहिले. फोटोला ज्याची सही लागते तो असाच घडतो.

आणि बांधून घ्यायला आपली जागा काही कमी नाही. तुला हे शाळेत कुणी सांगितलं नसेल : १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचं नाव आहे. तोवर आपलं इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते, आणि त्याच जिल्ह्यातला किनवट तालुका, मुंबई राज्यात आले. आता हे लक्षात ठेवून पुढचं वाच. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ निजामाच्या राज्यात होते. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये, मार्लवाईसारख्या गावात राहून काम केलं. त्यांनी काढलेले हजारो फोटो आज लंडनच्या सोआस या विद्यापीठ-संस्थेत आहेत, पुष्कळसे इंटरनेटवर बघता येतात. घुसाडी नर्तकांचे मोरपिसांचे टोप, दंडारीचे नाच, लग्नं, देवकार्यं. मी ते बघत रात्र काढली. इतक्या निष्ठेनं तेव्हा आपल्याकडे दुसरं कुणी फोटो काढत नव्हतं, त्याबद्दल माझ्या मनात त्या माणसाविषयी आदरच आहे. पण एक गोष्ट मला खुपत राहिली. त्या जिल्ह्याचा, त्या माणसांचा चेहरा बघायचा तर लंडनचं दार वाजवावं लागतं. नंतरच्या ऐंशी वर्षांत आपल्या बाजूच्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा माणसांची इतकी सलग, नावानिशी, तारखेनिशी ठेवलेली चित्रं आपण स्वतः उभी केली नाहीत.

सहस्रकुंडाला पावसाळ्यात पैनगंगा फुटून वाहते तेव्हा कडेला मोबाइल धरून उभी असलेली गर्दी तू पाहिलीस. त्या धबधब्याचे लाख फोटो असतील. पण त्याच नदीवर मासे धरून जगणाऱ्या माणसाचा एक धड फोटो, त्याच्या नावासकट, त्याच्या परवानगीसकट, कुठं आहे का ते शोध. दिवाळीत गोंड गावांतून दंडारी निघते तेव्हा शहरातले कॅमेरे येतात, मोरपिसं टिपून जातात. नाचणारा कोण, कुठल्या गावचा, टोप कुणी बांधला, हे कुणी लिहून घेत नाही, आणि फोटो परत आणून तर कुणीच देत नाही. तू दे. ज्याचा काढलास त्याच्या हातात कागदावर छापून दे. पुढच्या वर्षी ते गाव तुला आपलं म्हणेल, आणि विद्यापीठ असो की संग्रहालय की एखादं मासिक, त्यांना या भागातलं काही हवं असेल तेव्हा त्यांना तुझ्याकडे यावं लागेल. त्यातून पैसा लगेच येणार नाही, उशिरा येईल. मधली वर्षं लग्नाच्या ऑर्डरी काढतील.

आता माझ्या स्वार्थाचं. स्टुडिओच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या आहेत. इस्लापूरची, आसपासच्या वाड्यातांड्यांची निम्मी माणसं त्यात आहेत : पहिलं लग्न, पहिलं बाळ, शाळेचा वर्ग, आणि पुष्कळांचा आयुष्यातला एकमेव फोटो, तोही अंत्यदर्शनाचा. काही पट्ट्यांना आंबूस, व्हिनेगरसारखा वास यायला लागलाय. तो वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट बेस कुजायला लागल्याची खूण. पावसाळ्याची दमट हवा ते वाढवते. त्या पट्ट्या वेगळ्या काढून आधी स्कॅन करायला हव्यात, नाहीतर शेजारच्या चांगल्या पट्ट्याही जातील. नोंदवही आहे, पण तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव नि पैसे एवढंच. फोटोतल्या माणसांची नावं सांगू शकणारी म्हातारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. हे काम मोबाइलवाला मुलगा करू शकत नाही, मलाही एकट्याला झेपत नाही. त्याला तुझ्यासारखी शिकलेली नि घरोघर ओट्यावर जाऊन बसू शकणारी पोरगी लागते. आणि घरचीच म्हणून फुकट राबवणार नाही. स्टुडिओत अर्धी भागीदारी, लग्नाच्या ऑर्डरींसकट, वकिलाकडून कागद करून. दाजींशी मी स्वतः बोलतो. पोलीस भरतीचा अर्ज भरायचा असेल तर तोही भर, मला वाईट वाटणार नाही.

पोळ्याच्या आधी निघालीस तर बरं, म्हणजे दिवाळीच्या दंडारीपर्यंत पेट्यांची पहिली चाळणी होईल. येताना हैदराबादेतल्या कोठीच्या बाजारातून सुती हातमोजे आण, रबरी नको. बटर पेपरची पाकिटं इथं मिळत नाहीत, ती जास्तच घे, पैसे मी पाठवतो. आणि स्कॅनर भाड्यानं घ्यावा की विकत, हे तुझ्या सरांना विचारून मला कळव.

तुझा
मामा